घरच्या मोटारीचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपण बहुतेक देवळांकरितां राखून ठेवलेला आहे. नवें देऊळ बांधण्यापेक्षां पडलेलें देऊळ उभें करण्यांत पुण्य अधिक, अशी आपल्या समाजाची जुनी समजूत. आणि अहल्याबाई होळकरांनीं १७८० सालीं काशीस विश्वेश्वराचें देऊळ पुन्हा उभें केलें, तें पुण्य महाराष्ट्र अद्याप आपलेंच म्हणून सांगतो. परंतु जीर्ण झालेलें जें जें असेल तें तें उद्धरावें, असें कांहीं कोणी म्हणत नाहीं. मोडकी खुर्ची अडगळींत जाते, फाटकी छत्री भंगारवाल्याकडे जाते, आणि पंधरा-वीस वर्षांची मोटार घराबाहेर केव्हां एकदां जाईल याची घरांतील माणसें वाट पाहात असतात. असें असतां कांहीं घरांतून आजोबांची बंद पडलेली मोटार आजोबा, मुलगा आणि नातवंडें मिळून पुन्हा रस्त्यावर आणण्याचा उद्योग करतांना दिसतात, आणि त्यांत वर्षेंच्या वर्षें घालवतात. हा उद्योग श्रीमंतांची चैन म्हणून हंसण्यावारीं नेणारे पुष्कळ आहेत. ज्यांच्याजवळ एके काळच्या संस्थानिकांच्या रोल्सराइस आहेत त्यांच्याविषयीं आम्हांस येथें बोलावयाचें नाहीं; त्यांचा प्रश्न पैशाचा आहे, आणि पैशाचे प्रश्न पैसे असले म्हणजे सुटतात. मध्यम स्थितींतील एखादें कुटुंब जेव्हां एका सामान्य मोटारीकरितां आपले रविवार खर्च करतें, तेव्हां त्याच्यापुढें जो प्रश्न उभा राहतो तो पैशानें सुटत नाहीं. मागच्या पिढीनें हातीं दिलेली वस्तु दुरुस्त करावयाची म्हणजे ती कोणत्या स्थितीस न्यावयाची, आणि तें ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

हा प्रश्न केवळ तर्कानें मांडण्यापेक्षां आमच्या पाहण्यांतील एका कुटुंबाच्या आधारानें मांडणें बरें. हें कुटुंब कोल्हापुरास राहतें. आजोबा डॉक्टर, आतां नव्वदीच्या घरांत. त्यांनीं १९६७ सालीं, नांव नोंदवून कित्येक वर्षें वाट पाहिल्यानंतर, फियाट ११०० ही मोटार घेतली. वाट पाहण्याची ही गोष्ट आजच्या तरुण वाचकांस खरी वाटणार नाहीं. परंतु त्या काळीं मोटारींचें उत्पादन सरकारी परवान्यानें बांधलेलें होतें, आणि साधारण माणसाला घेतां येईल अशा मोटारी देशांत मोजून तीन. कलकत्त्याकडची अँबॅसडर, मद्रासची स्टँडर्ड, आणि मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होणारी ही फियाट. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं काढलेल्या प्रीमियर कंपनीनें इटलीच्या फियाट कंपनीशीं करार केला. तिकडे १९५३ सालीं निघालेला नमुना पुढल्याच वर्षीं इकडे मिळूं लागला. त्याच्या पहिल्या गोलमटोल रूपाला लोकांनीं प्रेमानें ‘डुक्कर फियाट’ म्हटलें. पुढें हीच मोटार प्रेसिडेंट झाली, नंतर पद्मिनी झाली. नांवें बदललीं, दिवे आणि जाळ्या बदलल्या, पण आंतील सांगाडा जवळजवळ अर्धें शतक तोच राहिला. मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटची पद्मिनी टॅक्सी आपली वीस वर्षांची मुदत भरून २०२३ च्या ऑक्टोबरांत गेली, तेव्हां वर्तमानपत्रांनीं एखाद्या थोर गृहस्थाच्या निधनावर लिहावे तसे लेख लिहिले.

डॉक्टरांच्या मोटारीनें तीस वर्षें काम केलें. इंजिन लहानसें, १०८९ घनसेंटिमीटरचें. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला. या मोटारींतून डॉक्टर राधानगरीच्या बाजूच्या खेड्यांतून रात्री-अपरात्री जात, आणि जाग्यावर इलाज होण्यासारखा नसला तर रोग्याला मागच्या आसनावर आडवें करून शहरांत आणीत. अशा वेळीं सलाइनची बाटली धरून बसावयास माणूस नसे. म्हणून त्यांनीं छताच्या कडेला एक पितळी आंकडा बसवून घेतला. त्या आंकड्याखालून किती बाळंतिणी आणि किती सर्पदंश झालेले शेतकरी शहरांत पोहोंचले याची मोजदाद कोणीं ठेवलेली नाहीं. १९८६ सालीं चिरंजिवांना बँकेंत नोकरी लागली. त्यांनीं पहिल्या पगारांतून कॅसेट वाजविण्याचें यंत्र आणलें, आणि तें बसविण्याकरितां समोरचा पत्रा चौकोनी कापून घेतला. त्याच सुमारास मूळचा राखी रंग जाऊन मोटार तांबडी झाली. डॉक्टर त्या वेळीं आठ दिवस मुलाशीं बोलले नव्हते असें सांगतात. पुढें मोटार थकली, नव्या मोटारी आल्या, आणि ती घरामागच्या पत्र्याच्या पडवींत पंचवीस वर्षें उभी राहिली.

आतां ती पुन्हा चालती करावयाची असें ठरलें आहे, आणि ठरल्याबरोबर असें दिसून आलें कीं तीन माणसांच्या मनांत तीन मोटारी आहेत. डॉक्टरांना १९७० च्या आगेमागें पाऊसपाण्यांतून बिनतक्रार धांवणारी मोटार पाहिजे. चिरंजिवांना तांबडी, गाणीं वाजवणारी, आपल्या तरुणपणची. नातू पुण्यास इंजिनिअर आहे. त्यानें कारखान्याचें दुरुस्तीचें पुस्तक मिळविलें, त्या सालच्या जाहिराती गोळा केल्या, आणि त्याचा आग्रह असा कीं कुर्ल्याच्या दरवाजांतून १९६७ सालीं ती जशी बाहेर पडली तशीच झाली पाहिजे. म्हणजे समोरचें भोंक बुजवावयाचें, रंग राखी द्यावयाचा, आणि पितळी आंकडाही काढून त्याचीं छिद्रें भरावयाचीं. कारण तो कारखान्याचा नव्हे.

नातवाचें म्हणणें पोरकट म्हणून सोडून देण्यासारखें नाहीं. एकदां आपल्या आवडीप्रमाणें दुरुस्ती करावयास आरंभ केला म्हणजे तिला अंत कोठें? आज आंकडा ठेवला, उद्यां कोणी म्हणेल कीं मला आरशाला बांधलेली बाहुलीही प्रिय आहे. कारखान्यांतून बाहेर पडल्याचा दिवस हा एकच दिवस असा आहे कीं ज्याविषयीं घरांत भांडण होऊं शकत नाहीं. त्याला कागद आहे, चित्रें आहेत, मापें आहेत. जगांतील जुन्या मोटारींच्या प्रदर्शनांतून परीक्षक हाच दंडक लावतात, आणि कारखान्याच्या मापाबाहेर जें दिसेल त्याबद्दल गुण कापतात. परंतु या दंडकांत एक गोष्ट नजरेआड होते. त्या दिवशीं ती मोटार कोणाचीच नव्हती. त्या दिवशीं तिच्यासारख्या कितीतरी होत्या, आणि त्यांपैकीं कोणतीही डॉक्टरांच्या वांट्यास आली असती तरी कांहीं बिघडलें नसतें. घराण्यानें आपल्या मोटारीचा उद्धार करावयाचा, आणि ती घराण्याची होण्यापूर्वीचा दिवस उद्धरून आणावयाचा, यांत आम्हांस कांहींतरी विपरीत वाटतें. अशा रीतीनें पूर्ण झालेली मोटार सुंदर दिसेल. तिच्याकडे पाहून डॉक्टरांना मात्र आपण ती विकत घेण्यास आलों आहों असेंच वाटेल.

गंमत अशी कीं हा वाद आतां कायद्याच्या पुस्तकांतही शिरला आहे. २०२१ सालीं केंद्र सरकारनें जुन्या मोटारींकरितां निराळे नियम केले. पन्नास वर्षांहून अधिक वयाची, मूळ स्वरूपांत सांभाळलेली, आणि जिच्या चासींत, सांगाड्यांत किंवा इंजिनांत मोठा फेरफार झालेला नाहीं अशी मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदतां येते; नव्या नोंदणीस वीस हजार रुपये फी पडते, आणि मोटार रोजच्या कामाला किंवा धंद्याला रस्त्यावर काढतां येत नाहीं. नियम वाजवी आहे. परंतु ‘मूळ स्वरूप’ हे दोन शब्द लिहितांना अंमलदारांनीं दोन हजार वर्षांचें तत्त्वज्ञान एका ओळींत बसविलें, याची त्यांना कल्पना असेल असें वाटत नाहीं. या फियाटला वेगळी चासी नाहीं. पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. पंचवीस पावसाळ्यांनीं तिचा तळ आणि दारांखालच्या पट्ट्या गंजून चाळणी झाल्या होत्या. तो पत्रा कापून त्याच मापाचा नवा पत्रा जोडला. हा फेरफार म्हणावयाचा कीं दुरुस्ती? आणि तळ झाला, पट्ट्या झाल्या, चाकांवरचे पंखे झाले, असें करीत करीत जर जुन्यापेक्षां नवा पत्रा अधिक भरला, तर कोणत्या वजनापाशीं ती मोटार ती राहिली नाहीं असें म्हणावें?

ग्रीक लोकांत ही शंका जहाजावरून निघाली. थीसियस वीराचें जहाज अथेन्सकरांनीं पिढ्यान् पिढ्या जतन केलें, कुजलेली फळी काढावी आणि नवी घालावी असें करीत. आणि तें जहाज तेंच कीं दुसरें यावर तेथील तत्त्वज्ञ वाद घालीत, असें प्लुटार्कनें लिहून ठेवलें आहे. आपल्याकडचें उदाहरण आम्हांस अधिक जवळचें वाटतें, कारण तें चाकांचें आहे. इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांतील ग्रीक राजा मिनँडर, ज्याला पाली ग्रंथकार मिलिंद म्हणतात, त्यानें नागसेन भिक्षूस आत्म्याविषयीं प्रश्न केला. नागसेनानें उलट विचारलें, महाराज पायीं आले कीं रथानें? रथानें, असें उत्तर मिळतांच, आंस म्हणजे रथ काय, चाकें म्हणजे रथ काय, जूं म्हणजे रथ काय, असें एकेक विचारीत त्यानें राजास अशा जागीं आणलें कीं रथ म्हणून निराळी वस्तु दाखवितां येईना. त्या सर्वांच्या मेळाला व्यवहारांत दिलेलें तें एक नांव, इतकेंच उरलें. पुष्कळ वाचक येथेंच थांबतात आणि म्हणतात, झालें, प्रश्नच खोटा. पण त्याच ग्रंथांत पुढें रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दृष्टांत आहे. पहिल्या प्रहरींची ज्योत आणि शेवटच्या प्रहरींची ज्योत एक नव्हे. आणि दोन निराळे दिवे होते असेंही नव्हे. आमच्या मतें घरच्या मोटारीला हा दुसरा दृष्टांत अधिक लागू पडतो. ज्योत एक आहे असें म्हणावयास कोणीतरी रात्रभर तेल घातलेलें असलें पाहिजे. मोटारीचें नांव जर व्यवहारानें दिलेलें असेल, तर हा व्यवहार करणारीं माणसें कोण, हें पाहणें प्राप्त आहे. आणि तीं माणसें म्हणजे हेंच भांडणारें कुटुंब.

रस्किननें १८४९ सालीं ‘सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’ या ग्रंथांत जीर्णोद्धारावर फार कडक हल्ला केला आहे. जुन्या इमारतीचा जीर्णोद्धार म्हणजे तिचा संपूर्ण नाश, त्यांतून तिची खोटी प्रतिकृति तेवढी उरते. इमारत आपली नव्हेच, ती बांधणाऱ्यांची आणि पुढें येणाऱ्यांची. आपण फार तर तिला आधार द्यावा आणि तिचें मरण तिला सन्मानानें मरूं द्यावें. आपल्या गांवोगांवच्या हेमाडपंती देवळांना तैलरंगाचे लेप चढलेले ज्यांनीं पाहिले असतील, त्यांना रस्किनचा संताप कळेल. पण हा सिद्धांत मोटारीला जसाच्या तसा लावतां येणार नाहीं. पडकी भिंत पडकी असूनही भिंत असते. न चालणारी मोटार ही मोटार आहे असें म्हणणें उपचाराचें आहे. आणि चालणारी मोटार म्हटली कीं झीज आली, रिंगा बदलणें आलें, नळ्या बदलणें आलें. शिवाय कांहीं मूळ वस्तु ठेवणें हा अपराधच होईल. त्या काळच्या ब्रेकच्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असे. ते घांसून त्याची धूळ उडवली तर ती फुप्फुसांत जाऊन बसते. आजच्या पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. जुन्या रबराच्या नळ्या त्यानें फुगतात आणि झिरपतात, आणि झिरपलेलें पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडलें म्हणजे काय होतें तें सांगावयास नको. मोटार जशीच्या तशी ठेवावी म्हटलें तरी तिच्याभोंवतालचें जग जसेंच्या तसें राहिलेलें नाहीं. वडिलांकडून जें आलें त्यांत विषही आलें, तर तें विष जपून ठेवणें ही पितृभक्ति नव्हे.

वास्तविक पाहतां आपल्या घरांत या बाबतींत दोन परंपरा पूर्वींपासून नांदत आल्या आहेत, आणि दोन्ही बायकांच्या हातच्या असल्यामुळें तत्त्वज्ञांच्या नजरेस आल्या नाहींत. एक कल्हईची. पितळेच्या पातेल्यावर पणजीचें नांव कोरलेलें असतें. त्याला शंभर वेळां कल्हई होते. अन्नाला लागणारा पृष्ठभाग प्रत्येक वेळीं नवा असतो, आणि पातेलें पणजीचेंच आहे याविषयीं कोणास शंका येत नाहीं. दुसरी गोधडीची. जुनें लुगडें विरलें म्हणजे तें पुन्हा नवें करावें असें कोणत्याही आजीच्या मनांत आलें नाहीं. तिनें तें फाडलें, दुसऱ्या लुगड्यांशीं जोडलें, आणि नातवाच्या अंगावर घातलें. लुगडें गेलें, ऊब राहिली. पुरुषांच्या जीर्णोद्धारांत जो एक हट्ट असतो, कीं झिजलेलें न झिजलेलें करून दाखवीन, तो गोधडींत नाहीं. डॉक्टरांच्या मोटारीच्या बाबतींत आम्ही इंजिनाला कल्हईचा न्याय लावूं, आणि पितळी आंकड्याला गोधडीचा. तो आंकडा कारखान्याचा नव्हे हेंच त्याच्या बाजूनें सांगण्यासारखें आहे. कारखान्यानें मोटार केली. खेड्यांतील रोग्यांची गरज तिच्यावर जेथें उमटली ती जागा ती आहे.

येथें एक निराळाच आक्षेप येतो, आणि तो आम्हांस सर्वांत जड वाटतो. ही सारी दगदग नातवंडांच्या डोक्यावर कां? आजोबांना आपली मोटार धांवतांना पाहून डोळे मिटावे असें वाटणें स्वाभाविक आहे. पण पुढें ती पुसावयाची, चालवावयाची, तिच्यासाठीं भाड्याची जागा राखावयाची, हें ओझें ज्यानें तें मागितलें नाहीं त्याच्यावर पडणार. प्रेमाच्या नांवाखालीं वडील माणसें पुढच्या पिढीचा किती काळ आपल्या आठवणींस गहाण टाकतात, याचीं उदाहरणें प्रत्येक घरांत सांपडतील. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत वांटणी न करावयाच्या वस्तूंची एक यादी आहे; वस्त्र, अलंकार, शिजलेलें अन्न, पाणी यांच्याबरोबर तींत वाहनही घातलेलें आहे, आणि ज्यानें तें वापरलें त्याचें तें असा टीकाकार त्याचा अर्थ लावतात. रथाचे तुकडे करून भावाभावांस देतां येत नाहींत, एवढें व्यवहारज्ञान त्यांत आहेच. परंतु वापरावरून मालकी ठरविण्यांत एक न्यायही आहे. मग ही मोटार वापरली कोणीं? डॉक्टरांनीं, हें उघड आहे. परंतु ती घेतांना कमी पडलेल्या पैशाकरितां घरांतील पाटल्या मोडल्या होत्या, आणि ज्यांच्या हातांतून त्या उतरल्या त्या आजी ती कधीं चालवावयास शिकल्या नाहींत. त्या आतां नाहींत, आणि मोटारीला सारे ‘आजोबांची’ म्हणतात.

नातीचा प्रकारही पाहण्यासारखा आहे. ती कोल्हापुरांतच शाळेंत शिकवते. मोटारीचें काम सुरू झालें तेव्हां पडवींत तिचें काम चहा आणण्याचें होतें. नातू महिन्यांतून एकदां पुण्याहून येई, पुस्तक उघडी, चुका दाखवी, आणि रविवारीं संध्याकाळीं परत जाई. मधल्या सव्वीस-सत्तावीस दिवसांत पडवींत असे ती. हळूहळू तिच्या हातीं पाना आला. आणि आज कार्बोरेटर खोलून, धुवून, पुन्हा बसवून इंजिनाचा सूर लावणें हें काम घरांत तिच्याइतकें कोणास येत नाहीं. महाराष्ट्रांत १९९४ च्या कायद्यानें आणि सबंध देशांत २००५ च्या दुरुस्तीनें वडिलोपार्जित मिळकतींत मुलीला जन्मानेंच मुलाइतका हक्क आला. ही मोटार स्वकष्टार्जित, तेव्हां डॉक्टर ती कोणासही देऊं शकतील. कायद्याचा तेथें संबंध नाहीं. पण टीकाकारांचा न्याय लावला तर उत्तर सरळ आहे, आणि नातवानेंही तें हंसत कां होईना मान्य केलें आहे. ओझ्याच्या आक्षेपाला आमच्याजवळ याहून निराळें उत्तर नाहीं. जें हातांत घेतलें जात नाहीं तें वारशानें येत नाहीं. आणि घेणारा कोणी नसला तर मोटार दुसऱ्या कोणा आवड असलेल्या माणसास द्यावी, त्यांत घराण्याचा कांहीं अपमान नाहीं. पुढच्या पिढीनें नको म्हणण्याची वाट मोकळी असेल, तरच तिनें हो म्हटलें याला कांहीं अर्थ.

आतांपर्यंत आम्ही कुटुंब, कुटुंब म्हणत आलों. परंतु या कामांत एक माणूस असा आहे कीं जो कुटुंबांतला नाहीं, आणि ज्याच्यावांचून यांतलें कांहींच झालें नसतें. उद्यमनगरांत त्या मिस्त्रीचें लहानसें गॅरेज आहे. १९६७ सालीं या मोटारीचें पहिलें तेल बदललें तें त्याच्या वडिलांनीं. बिडाचा तुकडा कोठें ओतून घ्यावा, कोणत्या लेथवाल्याचा हात स्थिर, कुर्ल्याच्या भंगारबाजारांत जुन्या पद्मिनीचा कोणता भाग या मोटारीस जसाच्या तसा बसतो, हें सारें त्याच्या डोक्यांत आहे. लिहिलेलें कोठेंही नाहीं. डिस्ट्रिब्यूटरच्या पॉइंटांतलें अंतर तो जाड कागदाच्या तुकड्यानें पाहतो, मग कान इंजिनाकडे लावतो, आणि स्क्रू केंसभर फिरवतो. नातवानें एकदां पुस्तकांतल्या मापाची पट्टी लावून पाहिली, तर अंतर बरोबर निघालें. मोटार कोणत्या सालची करावयाची हा वाद त्याच्यासमोर झाला, तेव्हां तो डॉक्टरांना म्हणाला, “डॉक्टरसाहेब, साल तुमचं तुम्ही ठरवा; मला फकस्त ब्रेक कुणाच्या जिवावर दाबणार हाय ते सांगा.”

या मिस्त्रीला एक मुलगा आहे. तो बेंगळुरास एका कंपनींत संगणकावर काम करतो, आणि बापाच्या धंद्यांत येणार नाहीं हें त्यानें स्पष्ट सांगितलें आहे. बापाचीही तशी इच्छा नाहीं. आतां विचार करा. एका घरांत तीन पिढ्या एका वस्तूभोंवतीं एकत्र येत आहेत, आणि त्या एकत्र येण्याला ज्याचे हात लागले त्याच्या घरांत दोन पिढ्यांचें ज्ञान तिसऱ्या पिढीच्या दाराशीं थांबलें आहे. मोटार प्रदर्शनांत उभी राहील तेव्हां पाटीवर कुटुंबाचें नांव येईल. ‘आम्ही दुरुस्त केली’ असें घरांतील माणसें म्हणतील, आणि खोटें बोलत आहों असें त्यांना वाटणारही नाहीं. मजुरी दिली म्हणजे ऋण फिटलें, असा हा मध्यमवर्गी हिशेब आहे. आम्हांस तो पुरा वाटत नाहीं. पत्र्याची वस्तु पन्नास वर्षें टिकवून ठेवण्याची धडपड करावी, आणि ती टिकविण्याची विद्या मात्र डोळ्यांदेखत जाऊं द्यावी, यांत राखलें काय? तो वर बसवावयाचा कोणाला हा प्रश्न नाहीं. तो जें जाणतो तें कोणी शिकावयाचें, हा आहे. नातीनें गेल्या वर्षापासून एक वही घातली आहे. मिस्त्री जें सांगतो तें ती त्याच्याच शब्दांत उतरून घेते, आणि मापांच्या जागीं ‘नखभर’, ‘केंसभर’, ‘आवाज फुटेपर्यंत’ असे शब्द आले तर तसेच ठेवते. नातवाला ती वही अशास्त्रीय वाटते. कारखान्याचें पुस्तक आणि ही वही यांपैकीं एकच राखतां आली असती तर आम्ही वही राखली असती. पुस्तक जगांत दुसरीकडे मिळेल.

पितळी आंकडा राहिला. तो ठेवावा असें शेवटीं नातवानेंच म्हटलें, परीक्षकांनीं गुण कापले तर कापोत. समोरच्या पत्र्यांतील चौकोनी भोंकाविषयीं मात्र उलटा प्रकार झाला. तें बुजवावें असें चिरंजिवांचेंच म्हणणें पडलें. तरुणपणीं बापाच्या वस्तूवर आपण चालविलेली ती कात्री त्यांना आतां पाहवत नाहीं. डॉक्टर म्हणाले, राहूं द्या, पंधरा वर्षें मीं त्या भोंकांतून येणारीं गाणीं ऐकत खेड्यांतून परत आलों आहें. ज्यानें कापलें आणि ज्याचें कापलें ते दोघेही समोर असतां तिसऱ्यानें निवाडा देऊं नये, म्हणून आम्ही त्या बाबतींत कांहीं मत दिलें नाहीं. पत्रा कापून ठेवलेला आहे, पण अद्याप जोडलेला नाहीं.

रंगाचाही निकाल व्हावयाचा आहे. डॉक्टर राखी म्हणतात, चिरंजीव तांबडा म्हणतात, आणि नात म्हणते कीं दरवाजाच्या आंतल्या कडेला खरवडून पाहिलें असतां तांबड्याखालीं राखी आणि राखीखालीं कारखान्याचा पहिला लेप असे थर दिसतात, ते तेवढ्या जागीं तरी उघडे ठेवावे. तूर्त मोटार नुसत्या प्रायमरवर पडवींत उभी आहे. मिस्त्री दर आठवड्याला निरोप पाठवतो कीं रंग कोणताही द्या, पण पावसापूर्वीं द्या. प्रायमर पाणी धरतो, आणि एकदां आंत पाणी गेलें कीं नव्या पत्र्यालाही गंज तोच.